सोऱ्या, जाळ्या आणि साने मॅडम

गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात कागद औषधालाही सापडत नाही. किस्से मात्र इतके साठलेत की डिलीट करायचं म्हटलं तरी मन होत नाही!

आमचं काम म्हणजे पेशंटच्या नोंदींचे साचे करणं आणि त्यांची वर्गवारी लावणं. साचा एकदाच करायचा, मग तो कुठल्याही हॉस्पिटलनं वापरावा.

साताऱ्याहून आलेल्या आईला हे तासभर समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे सोऱ्या एकच, जाळी बदलली की चकलीची शेव! एवढ्यासाठी दिल्लीला आलास?"

*

आमचा टीम लीड भाटिया. त्याला सगळं एकाच साच्यात कोंबायची भारी हौस. "वजन, हाइट, बुखार, सब एक ही है जी! नंबर और यूनिट!"

त्याला मुलगी झाली. ग्रुपवर मेसेज आला: 'वजन नॉर्मल. उंची नॉर्मल. ताप नाही.'

आमच्या डॉक्टर साने मॅडमनी विचारलं, "और नाक किस पे गई है?"

भाटियाचा लगेच फोन आला. "मैडम, बिल्कुल मेरी माँ पे!" आणि गडी चक्क रडायला लागला.

*

याच मॅडम एकदा त्याच्यावर कडाडल्या होत्या. 'नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलं नाही' हे तीन खाने भाटियाला एकच करायचे होते.

"ॲलर्जी पूछी ही नहीं और 'नहीं' लिख दिया, तो मरीज़ जाएगा, भाटिया!"

भाटियानं कान धरले. खाने तीनच राहिले.

*

मॅडमचे यजमान रिटायर्ड कर्नल. हल्ली त्यांना विसरायला होतं. एक दिवस ते आपल्यालाही ओळखणार नाहीत, ही मॅडमना धास्ती. आम्हाला ती दिसायची, पण बोलायचं कसं?

विसरभोळेपणाच्या तपासणीचा साचा तयार झाला, तेव्हा ट्रायलसाठी त्या स्वतःच कर्नलसाहेबांना घेऊन आल्या आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. प्रश्न मी विचारत होतो. वार चुकला, महिना चुकला.

"काका, तुमच्यासोबत कोण आलंय? त्यांचं नाव?"

काका मॅडमकडे बघत राहिले. मॅडमनी मान खाली घातली. माझं बोट 'माहीत नाही'वर गेलं.

"नाव राहू दे रे," काका वैतागून म्हणाले. "एसीचा वारा थेट तिच्या मानेवर येतोय, रात्रभर दुखेल तिला. आधी तो बंद कर!"