मी वेल्ह्याचा रस्ता विचारला

मला मीटिंग पसंतच पडायची नाही. मुलगी बघायला गेल्यासारखा जायचो आणि काहीतरी खोट काढून परत यायचो. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं आठवड्यातून एकदा जमतात, आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात, एवढंच तर असतं ते. पण भोरची मीटिंग बाजारपेठेजवळ, म्हणजे सगळा तालुका बघणार. पुण्याची लई शिकल्यासवरल्यांची. तिथं एकजण इतकं झकास बोलला की मला वाटलं, आपल्याला धड पितासुद्धा आलं नाही. बायको मोबाईलवर चौकशी करून पत्ते मिळवायची आणि मी नाक मुरडायचो.

शेवटी ती भडकली. "तुमाला मीटिंग नगंच हाय. तुमाला नवरदेवासारखा मान पायजे! मार्गासनीला एक हाय, गुरवारी पाच वाजता. तुमचा टेम्पो रोज तितनंच जातोय. आता काय खोट काढताय ते बघते."

खोट काढायला जागाच नव्हती. मी शिवऱ्याचा. खत, सिमेंट, पत्रे भरून वेल्ह्याला न्यायचे, उतरवायचे आणि परत यायचं, हा माझा धंदा. मार्गासनी वाटेवरच. त्या गुरुवारी वेल्ह्याला माल उतरवून परत येताना मी टेम्पो बाजूला घेतला.

अंगणवाडीची खोली होती. पोरं घरी गेली की या मंडळींना मिळायची. मी दारातून डोकावलो. भिंतीवर फळांची आणि जनावरांची चित्रं. खाली खोलीभर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर एकच माणूस. साठीचे असतील, शेतकरीच दिसत होते. पुढ्यात थर्मास आणि एकात एक घातलेले कप. मला बघून ते अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला ना, त्यालाच मी घाबरलो. दहा जणांत मागं बसायचं आणि गुपचूप ऐकायचं, असं मी ठरवून आलो होतो. तिथं मागं असं काही नव्हतंच.

"या, या. बसा," ते म्हणाले.

आणि माझ्या तोंडून निघालं, "न्हाई, त्ये... वेल्ह्याचा रस्ता कुठला?"

आता बोंबला! टेम्पो दारासमोरच उभा. मागच्या फळीवर मोठ्या अक्षरात 'शिवरे' लिहिलेलं. टेम्पोचं तोंड शिवऱ्याकडं, म्हणजे मी वेल्ह्याहूनच आलोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ते हसले नाहीत. चपला घातल्या, रस्त्यापर्यंत आले आणि हात करून दाखवलं. "सरळ जावा. कुठं वळू नगा." मग टेम्पोच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "परत चुकला तर हितंच इचारा. गुरवारी म्या असतोच."

लाजेकाजेनं मला टेम्पो वळवून वेल्ह्याकडं न्यावा लागला. पुढच्या वळणाआड थांबलो, ते आत गेले असतील एवढा वेळ काढला आणि त्यांच्या दारावरून सुसाट परत आलो. एका माणसाची कसली आलीय मीटिंग, अशी स्वतःची समजूत घातली. घरी बायकोला सांगितलं, "ती मीटिंग बंद पडली." तिनं विश्वास ठेवला. पुढं तिनं नवा पत्ता शोधला नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांचं काय सांगू? मेहुणीच्या लग्नात भर मांडवात पडलो. मुलीनं बोलणं टाकलं. रक्ताची उलटी झाली तेव्हा डॉक्टरांनी बायकोला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. दवाखान्यातून सुटलो आणि पहिल्याच गुरुवारी मार्गासनी गाठली.

खोलीला कुलूप. किल्ली शेजारी राहणाऱ्या अंगणवाडीच्या मावशींकडं होती. त्या म्हणाल्या, "आता कोण न्हाई येत. आधी पाच-सहाजण हुते, मग गळाले. एक काका तेवढं सतरंजी टाकून बसायचे. म्हणायचे, मावशी, दोघं झालो की मीटिंग, तवर नुसतं बसणं. मधी कोण टेम्पोवाला डोकावून गेला म्हणं. त्यो येणार, त्यो येणार करत लई दिवस बसले. हॉर्न वाजला की दारात यायचे."

"मग?"

"मग काय. परत प्यायला लागले."

मी रोज दोनदा तिथून हॉर्न वाजवत जात होतो. त्या वळणावर वाजवावाच लागतो.

घर विचारत गेलो. काका ओट्यावर बसले होते. वास लांबूनच आला. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "काय पावनं, घावला का वेल्ह्याचा रस्ता?" टोमणा असता तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं.

"न्हाई घावला, काका. परत इचारायला आलोय. चला की."

"आज नगं," ते म्हणाले. "फुडच्या गुरवारी बघू."

आता किल्ली माझ्याकडं असते. दर गुरुवारी आधी त्यांच्या ओट्यावर जातो, ते 'फुडच्या गुरवारी' म्हणतात, मग खोली उघडतो आणि सतरंजी टाकतो. तासभर एकटं बसणं किती जड जातं ते आता कळतंय. मुलगी बोलायला लागलीय, बायको चहाचा थर्मास भरून देते, आणि मी अजून प्यालेलो नाही. पण काकांचं तोंड बघवत नाही. मावशी म्हणतात, "तुमच्यामुळं का ते प्यायला लागले? उगा जिवाला लावून घेताय." असेलही. पण त्या गुरुवारी मी रस्ता विचारायच्या ऐवजी नुसता खाली बसलो असतो, तर आम्ही दोघं झालो असतो.