पागडीत धरलेलं गिऱ्हाईक

मासान शहराच्या जुन्या बाजारात बांग दल-सूला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलणाराही सहजी सापडायचा नाही. उभा जन्म त्याने घरोघरचे गॅसमीटर वाचण्यात घालवला. लोकांच्या जिन्याखाली, कुंड्यांच्या आड वाकून वाकून पाठ गेली, आणि माणसांवरचा विश्वास तर पाठीच्याही आधी गेला. मीटरला चुंबक लावणारे, मीटरपाशी चावरा कुत्रा बांधणारे, नळी फिरवून शेजाऱ्याच्या बिलावर भात शिजवणारे, असले नाना नमुने त्याने पाहिलेले. वर हीच मंडळी त्याला हसून हसून सातूचा गार चहा पाजायची. तेव्हापासून कुणी हसून काही पुढे केलं की हा आधी त्याच्या पाठीमागे काय लपवलंय ते बघायचा.

बायको इंचनला मुलीकडे जुळी नातवंडं सांभाळायला म्हणून गेली, दोन महिन्यांसाठी, ती तिकडचीच झाली. "तुम्हीही या," म्हणते. पण जावई जरा जास्तच आग्रह करतो, म्हणून हा जात नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

तर हा माणूस रोज दुपारी साडेअकराला चु मल-जाच्या खानावळीत भिंतीकडच्या टेबलावर बसून डुकराच्या हाडांचा रस्सा आणि भात खायचा. वर्षानुवर्षं. का, तर मल-जा त्याला कधी काही फुकट द्यायची नाही. तो बसला की वाडगा आपटायची, मुळ्याची आंबवलेली किमची पुढे सरकवायची, खारवलेल्या कोळंबीची बरणी ठेवायची आणि पाठ फिरवायची. 'कसे आहात' नाही, 'परत या' नाही. दल-सूच्या मते सगळ्या बाजारात तेवढी एकच बाई सरळ होती. घरी त्याच्याशी भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. दिवसाकाठी माणसाचा आवाज कानावर पडायचा तो त्या वाडगा आपटणारीचाच. पण हे तो कुणापाशी कबूल करणाऱ्यातला नव्हता.

आणि मग वसंतात एक दिवस रश्शाबरोबर उकडलेलं अंडं आलं.

"हे काय?"

"अंडं."

"ते दिसतंय मला. मागितलं कुणी?"

"सर्विस आहे दादा, फुकट. नेहमीच्या माणसांना."

"आजवर नव्हती ती?"

"नव्हती. आता आहे. खायचं तर खा, नाहीतर ठेवा. अंड्याची पण उलटतपासणी घेतात, मेलं!"

दल-सूने ते अंडं खिशात घातलं, घरी नेलं, फोडलं, वास घेतला. अंडं ताजं निघालं. शिळं निघालं असतं तर त्याला झोप तरी लागली असती.

पुढच्या आठवड्यात कार्डं आली. दर जेवणाला कार्डावरच्या डुकराच्या पिल्लावर शिक्का, दहा पिल्लं भरली की एक जेवण फुकट. मग गल्ल्यापाशी बोटाने चालवायचा एक चकचकीत पडदा बसला. त्यावर फोन नंबर टाका, वाढदिवस टाका, सवलत मिळवा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे मल-जा दारापर्यंत येऊन वाकून "परत या हं" म्हणायला लागली. जन्मात कधी गिऱ्हाइकाला हसून निरोप दिला नव्हता बाईने! तिला ते जमतही नव्हतं. दाढ ठणकत असल्यासारखी हसायची.

"यात पाणी मुरतंय," दल-सू शेजारच्या टेबलावरच्या योमला म्हणाला. योम म्हणजे कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा म्हातारा. फुकट मिळालं तर बर्फही भाजून खाईल असला माणूस.

"तुझं डोकं मुरलंय," योम तोंडात अंडं कोंबत म्हणाला. "अरे, धंदा आहे. गिऱ्हाईक टिकवायला करावं लागतं हल्ली. सगळेच करतात."

"पण आपण टिकलेलेच आहोत की! पळून चाललोय का कुठे? जो जागचा हलत नाही त्याला कोण कशाला बांधेल?"

"तुला नको असेल तर तुझं अंडं इकडे दे."

अंडं दिलं. शंका मात्र घट्ट धरून ठेवली.

मध्ये पडशामुळे दल-सू दोन दिवस गेला नाही, तर फोनवर निरोप टपकला. "बांग दल-सू साहेब, आपण दिसला नाहीत. आपली फार आठवण येते. मल-जाची खानावळ." खाली डोळ्यांतून बदाम उडवणारं डुक्कर. दल-सू ताडकन उठून बसला. याने त्या पडद्यावर नंबर कधी टाकलाच नव्हता! ताप होता तसाच तो खानावळीत जाऊन थडकला.

"माझा नंबर कुणी दिला?"

मल-जाने योमकडे पाहिलं. योमने रश्शात मान घातली.

"मित्राचा नंबर दिला की दोन अंडी होती," योम पुटपुटला.

"दोन अंड्यांना विकलंस होय रे मला!"

"आठवण येते तर येऊ दे की. तुझी आणखी कुणाला येते?"

हे मात्र दल-सूला लागलं. तो न जेवताच बाहेर पडला, आणि म्हणूनच त्याला समोर औषधाच्या दुकानापाशी बाकावर बसलेला माणूस दिसला. निळा कोट, चकाकते बूट, हातात छोटं यंत्र. खानावळीत कुणी शिरलं की तो अंगठ्याने टिक करायचा. माणसं मोजत होता! दल-सू खांबाआड उभा राहिला. कराच्या खात्यातला? छे, त्यांचे बूट इतके चकाकत नाहीत. गर्दी ओसरल्यावर निळा कोट उठला आणि हा मास्क नाकावर चढवून, टोपी खाली ओढून त्याच्या मागे निघाला. दोन गल्ल्या सोडून तो एका जागांच्या दलालाच्या कचेरीत शिरला आणि आतल्या खुर्चीवर बसला. म्हणजे दलाल तोच.

मीटरवाल्याला एक विद्या येते. ज्याला काही विचारायचं असतं त्याला आपण काही विचारतोय असं वाटू द्यायचं नाही. दल-सू आत गेला आणि म्हणाला, "माझ्या भाच्याला खानावळ टाकायचीय. चालती मिळेल का एखादी?"

दलालाचा चेहरा उजळला. "अहो, देवासारखे आलात! बाजारातली डुकराच्या रश्शाची. भाडं बेताचं, मालकीण दमलीय, सोडतेय. पागडी तेवढी चार कोटी वॉन."

"चार कोटी! त्या मोडक्या खुर्च्यांची?"

"खुर्च्यांची कशी? गिऱ्हाइकांची!" दलालाने खुर्ची पुढे ओढली. "चार महिने मी स्वतः बसवलंय ते सगळं. कार्डं, पडदा, वाढदिवसाचे निरोप, अंडी. आता नेहमीचा एकेक माणूस नंबरासकट आपल्या हातात आहे. तुमच्या भाच्याने चूल पेटवायची, माणसं आपोआप येतील. एक म्हातारा तर असा आहे, मालकीणच सांगत होती, रोज साडेअकराला येतो, रोज कुरकुरतो, पण मेला तरी दुसरीकडे जायचा नाही. तो तर पागडीत धरूनच चाला."

दल-सूचे कान गरम झाले. आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, आणि एकदाचा खरा ठरला तो नेमका इथे. "भाच्याला विचारतो," एवढंच बोलून तो बाहेर पडला. फार वाईट वाटलं त्याला. मल-जा खानावळ सोडून चालली याचं वाटलंच. पण तिने सांगितलं नाही, वर खुर्च्याटेबलांबरोबर आपल्यालाही विकायला काढलं, याचं जास्त वाटलं.

दुपारी खानावळ बंद असते त्या वेळी तो मागच्या दाराने शिरला. मल-जा उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर बसून खांद्याला औषधाची पट्टी चिकटवत होती.

"मला केवढ्याला विकलंत, मालकीणबाई?"

ती दचकली नाही. उसासा टाकला फक्त. "कळलं वाटतं. तुमच्यापासून काय लपणार म्हणा."

"अंडी कशाची होती ते आत्ता कळलं. बोकडाला पाला घालतात तशी."

"घालतात तशीच," ती फटकन म्हणाली. "काय करू? हा हात खांद्याच्या वर जात नाही दादा. हाडांचं पातेलं उचलवत नाही. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करायला हवं. कोजेला बहीण आहे, तिच्याकडे जाऊन पडेन म्हणते. पण जागा भाड्याची. पागडी देणारा मिळाला तर दवाखाना होईल आणि वर चार वर्षं बसून खाईन. नाही मिळाला तर ही चूल पुसायची आणि हात हलवत बाहेर पडायचं. घरमालक एक वॉन देणार नाही."

"मग सांगायचं होतं."

"तुम्हाला? सांगितलं असतं तर म्हणाला असतात, खांदा खोटा आहे."

म्हणाला असता, हे दल-सूलाही ठाऊक होतं.

"उद्या घेणारा येतोय," ती पट्टीवर हात दाबत म्हणाली. "तो आणि त्याची बायको. फार चौकस आहे म्हणे. तुम्ही या म्हणत नाही मी. आणि येऊ नका असंही म्हणत नाही."

रात्रभर त्याने ठरवलं की जायचं नाही. साडेअकराला तो तिथे होता.

खानावळ भरली होती. घेणारा चाळिशीचा, कचेरीतून कमी केलेला असावा. नवा कोरा सदरा आणि खाली उतरलेला चेहरा. बायको त्याच्या बाहीला धरून. आयुष्यभराची शिल्लक इथे ओतायची म्हणजे माणूस धास्तावणारच. तो जेवणाऱ्यांकडे असा बघत होता की दल-सूला एकदम आपलीच ओळख पटली. हा माणूस जेवण बघत नव्हताच. यातली खरी गिऱ्हाइकं किती आणि भाड्याने बसवलेली किती, ते बघत होता.

आणि योमने घाण केली. कुणी विचारलं नसताना उठून उभा राहिला. "अहो घ्या, डोळे मिटून घ्या! असा रस्सा अख्ख्या देशात नाही! मालकीण म्हणजे साक्षात माउली! आम्ही सगळे मरेपर्यंत इथेच जेवणार!"

घेणाऱ्याचा चेहरा दगड झाला. तो बायकोच्या कानात म्हणाला, पण दल-सूला ऐकू आलं, "माणसं बसवलीत. चल." दलालाचा निळा कोट घामाने ओला झाला. ताटं द्यायच्या खिडकीमागे मल-जाचा हात थांबला.

"ए, खाली बस रे चमच्या!" दल-सू योमवर खेकसला. "माउली म्हणे! किमची बघ ही, उन्हाळा लागला की आंबटढाण. मांस मोजून घालते, एक तुकडा जास्त गेला तर हिचा जीव जातो. आणि तोंड? सकाळी बघितलं तर दिवस वाया."

घेणारा वळला. त्याने दल-सूला नीट न्याहाळलं आणि हळूच समोरची खुर्ची ओढली. "आजोबा, मग इथे येता कशाला?"

"घराजवळ आहे. रस्सा गरम असतो. पैसे देतो, खातो, जातो."

"किती वर्षं?"

"कोण मोजतंय? हिचे केस काळे होते तेव्हापासून."

"आणि..." घेणाऱ्याने ओठांवरून जीभ फिरवली. "खरं सांगा हं. उद्या ही बाई गेली, चुलीपाशी दुसरं कुणी आलं, तर याल?"

खिडकीचा पडदा जरासा हलला. मल-जा तिथेच होती, हातभर अंतरावर. दल-सूने कोळंबीच्या बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"मालकिणीचं काय करायचंय मला?" तो म्हणाला. "मी काय तिचं तोंड बघायला येतो? हाडं नीट उकळा, भात गरम ठेवा. चुलीपाशी कोण का असेना. मी येणार."

घेणाऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने बाही सोडली. "हा माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही," घेणारा दलालाला म्हणाला, "चला, कागद करून टाकू." तिघं बाहेर पडली. मागोमाग योमही तोंड लपवत सटकला. हळूहळू टेबलं रिकामी झाली.

मल-जा आतून आली. ओले हात एप्रनला पुसत त्याच्या टेबलापाशी उभी राहिली.

"मालकिणीचं काय करायचंय, म्हणे."

"म्हणालो."

"आणि चुलीपाशी कुणीही चालेल."

"तेही म्हणालो."

"खरं का दादा?"

अख्ख्या जगाला हा प्रश्न विचारत फिरलेला माणूस. त्याला कुणी तो विचारला नव्हता कधी. दल-सूने चमचा खाली ठेवला. आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"एकदा बोललो खोटं," तो म्हणाला. "परत सांगू नका बोलायला. नाही जमायचं."

मल-जाने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, मग "गार झाला असेल रस्सा, आणा इकडे" म्हणत त्याचा वाडगा उचलून ती आत गेली.