मिरकरवाड्याची सरासरी

कुलसुम मुकादमला गोड बोलणं जमत नसे. मच्छीमार होडीच्या तांडेलाची मुलगी, नवरा कुवेतला, आणि बंदरावर, मिरकरवाड्याच्या शाळेत, चौदा वर्षं गणित शिकवणं. पालक तिला भ्यायचे, साहेबलोक टाळायचे.

२००३च्या मार्चमध्ये तिला शिक्षण खात्याच्या कचेरीत बोलावणं आलं. शिष्यवृत्तीचा जादा वर्ग एकाच ठिकाणी चालणार होता: आजवरसारखा बंदरावर, किंवा आतल्या शेतीच्या गावांत. त्यासाठी दोन्हीकडच्या पाचवीच्या मुलांची तीस प्रश्नांची चाचणी झाली होती. बंदरावरच्या उत्तरपत्रिका कुलसुमनेच उत्तरसूचीबरहुकूम तपासल्या होत्या.

चाचणी घेऊन पुण्याहून आलेल्या ओमकारसरांनी तक्ता पुढे सरकवला. "आतली गावं सरासरी पंधरा. बंदर बारा. वर्ग आत जावा, अशी शिफारस आहे. खाली परीक्षक म्हणून तुमची सही."

"म्हणजे आमची पोरं मठ्ठ."

"मॅडम, क्षमता डोळ्यांना दिसत नाही. उत्तरांवरून आमचं आकडेवारीचं मॉडेल तिचा अंदाज बांधतं. यात कुणाचा राग-लोभ नसतो."

"उद्या सांगते," म्हणून ती उठली. कचेरीचे साहेब मागून म्हणाले, "मुकादमबाई, उद्या म्हणजे उद्याच."

शाळेत येऊन तिने गठ्ठा सोडला. अकराव्या प्रश्नावर तिच्याच लाल फुल्यांची रांग होती. 'आज आठवड्याच्या सुट्टीचा वार आहे, तर परवा कोणता वार?' सूचीत मंगळवार; पोरांनी लिहिलं होतं रविवार.

वर्गात तल्लख म्हणून गणली जाणारी कौसर व्हरांड्यात होती. "काय गो, हे काय लिहिलंस?"

"बरोबर आहे ना, बाई. शुक्रवार, शनिवार, रविवार."

"सुट्टी रविवारी असते."

"रविवारी नुसती शाळा बंद असते. सुट्टी शुक्रवारी. होडी जात नाही, अब्बा घरी असतो."

कुलसुमला स्वतःची लाज वाटली. तिच्याही घरी शुक्रवारच होता. सूची हातात आली आणि ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कचेरीत गेली आणि तिने आतल्या गावांचा गठ्ठाही मागून घेतला. दुपारी दोन्ही गठ्ठे घेऊन ती ओमकारसरांपुढे बसली.

"तुमचं मॉडेल धरून चालतं ना, की सारख्या क्षमतेच्या दोन मुलांना एकच प्रश्न सारखाच अवघड जातो?"

"अर्थात. नाहीतर तुलनाच होणार नाही."

"मग बघा. ज्यांचं उत्तर घरादारावर ठरतं, असे चार प्रश्न मी बाजूला काढलेत. उरलेल्या सव्वीसात ज्यांचे गुण सारखे, अशा वीस जोड्या लावल्यात. एक आतला, एक आमचा. अकरावा प्रश्न आतल्या सतरा जणांचा बरोबर. आमच्यातल्या फक्त दोघांचा."

ओमकारसर पानं उलटत राहिले.

"लावणी, कापणी, मळणीचा क्रम लावा. आतले बारा बरोबर, आमचे तीन. आमच्याकडे भात दुकानातून येतो, सर. उरलेल्या दोन प्रश्नांतही तीच गत. यात तुम्ही अक्कल मोजलीत की शेत?"

"मॅडम, आवाज…"

"आवाज बंदरावरचा आहे."

साहेब कंटाळून म्हणाले, "ते चार वगळून काढा हो पुन्हा."

अर्ध्या तासाने ओमकारसरांनी आकडे वाचले. आतली गावं बारा, बंदर साडेअकरा. "तरी फरक आहेच," ते जरा खुशीतच म्हणाले.

"आहे. तो अर्धा गुण माझ्या शिकवण्याचा. बाकीचे अडीच तुमच्या प्रश्नांचे. असंच लिहा अहवालात."

"अहवालात असं लिहीत नाहीत."

"मग माझी सही नाही."

सहीविना अहवाल पुढे जात नव्हता. ओमकारसरांनी ओठ आवळून लिहिलं: चार प्रश्न दोन्ही गटांना सारखे लागू पडत नाहीत, ते वगळता फरक अल्प, वर्ग हलवण्यास आधार नाही. कुलसुमने दोनदा वाचून सही केली. चहा आला होता. तो तिने घेतला नाही.

वर्ग बंदरावरच राहिला. जूनपासून ती सकाळी साडेसातला दार उघडू लागली. "बाई, तुम्ही पुण्याच्या माणसाला हरवलंत म्हणे?" कुणी पालक हसत म्हणाला, तर त्यालाच झापायची, "मला काय विचारतोस? पोरगी काल का नाही पाठवलीस? अर्धा गुण अजून बाकी आहे."