उतरत्या खांद्याचा शर्ट

कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. तेरा वर्षं ती कॉलरच लावत होती. बिनबाह्यांचे शर्ट एका बाजूने यायचे, कॉलर लागली की दुसऱ्या बाजूने निघून जायचे. पुढे त्यांना बाह्या कोण लावतं, बटणं कोण लावतं, याचा तिला पत्ता नसे. शंभर मशिनींच्या घरघरीत हात चालू राहायचे आणि मन भलतीकडेच भटकायचं. कधी वाटे, हे सगळे शर्ट उठून, ओळीने दाराबाहेर चालत निघालेत. सगळ्यांचे खांदे अगदी सारखे.

तिच्या नवऱ्याचे खांदे मात्र सारखे नव्हते. बेकरीत पिठाची पोती वाहून वाहून त्याचा उजवा खांदा पार उतरला होता. कुठलाही तयार शर्ट त्याच्या अंगावरून एका बाजूला घसरायचा. तो चालता चालता ओढून सारखा करायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटायचं.

एक दिवस मशिनीवर बसल्या बसल्या तिने मनाशी ठरवलं, थंडी पडायच्या आत याच्यासाठी अख्खा शर्ट आपल्या हाताने शिवायचा.

पहाटेपासून राबलेला नवरा दुपारी गाढ झोपायचा. रविवारी तिने टेप काढली आणि श्वास रोखून त्याचं माप घेतलं. पडद्यातून येणारं ऊन त्याच्या पाठीवर पाण्यासारखं हलत होतं. टेप गार लागली तसा तो पुटपुटला, "भट्टी बंद केली का?"

"केली हो, झोपा," ती म्हणाली.

फिकट निळं कापड आणलं. नणंदेच्या घरी पायमशीन होती, तिथे जाऊन बसली. संध्याकाळी बघते तर दोन्ही बाह्या डाव्याच! नणंद हसून हसून लोटपोट झाली.

"वहिनी, दादाला दोन डावे हात आहेत होय?"

तीही हसली, पण वरवर. तेरा वर्षं शर्टांच्या ढिगात बसूनही आपल्याला साधा शर्ट शिवता येत नाही, हे मनाला फार लागलं. तो फसलेला शर्ट दोन आठवडे ट्रंकेत पडून राहिला. तिकडे नजरही टाकायला नको वाटे.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत ती कटिंग मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. मास्तर म्हणजे तिरसट माणूस. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापणारा.

"मास्तर, एक खांदा खाली असला तर बाहीचा मुंढा कसा कापायचा?"

"असलं काही इथे कापत नाहीत," ते खेकसले. मग त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "खरं सांगू का कॉलरबाई? तीस वर्षं साच्यावरच कापतोय. जिवंत माणसाचं माप मी कधी घेतलेलंच नाही. आणा बघू तुमची मापं."

त्या दिवसापासून दोघं रोज सुट्टीत वर्तमानपत्रावर रेघा मारू लागले. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी. मास्तर चुकले की स्वतःवरच चिडायचे. आधी जुन्या चादरीचा शर्ट झाला. झोपलेल्या नवऱ्याला हळूच लावून पाहिला, तर तो काखेत आखूड पडला. दुसऱ्या चादरीचा बरा बसला. मग तिने पुन्हा निळं कापड आणलं. कात्री कापडात शिरली आणि सरळ चालली.

तोवर थंडी पडलीही होती. ठरवल्यापेक्षा महिनाभर उशीर झाला होता.

रविवारी दुपारी नवरा उठला. तिने शर्ट पुढे केला. त्याने घातला, बटणं लावली. सवयीने हात खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. ओढायला काही नव्हतंच.

"अगं, हा घसरत नाही," तो म्हणाला.

"काखेत काचतो का?"

"नाही गं."

तो चपला सरकवून उगाचच बाहेर पडला. ती खिडकीत उभी राहिली. खाली उन्हातल्या रस्त्यावर तो निळा शर्ट हळूहळू लहान होत चालला होता. दुकानापाशी कुणीतरी त्याला थांबवलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. त्याने मात्र वळून थेट त्यांच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

ती पटकन पडद्याआड झाली, आणि तिथेच कितीतरी वेळ उभी राहिली.