कालोलाइनेचा खासगी पत्ता

आमच्या गावाला ईमेलचा पत्ता एकच होता, पाद्रीबाबांचा. बाहेरच्या देशातून कुणालाही काही यायचं ते त्याच पत्त्यावर, आणि रविवारी प्रार्थना आटोपली की पाद्रीबाबांचा कारकून ते भर सभेत वाचून दाखवायचा. एवढ्याशा बेटावर लपवायचंय काय, असा सगळा हिशेब. गेल्या वर्षी त्यानं चष्मा पुसत जाहीर केलं, "न्यूझीलंडला कायमचं राहायला जायच्या सोडतीत आपल्या कालोलाइनेचं नाव यंदाही निघालं नाही. तिच्यासाठी डोळे मिटू या." सगळ्यांनी इमानदारीत मिटले. कालोलाइने उघड्या डोळ्यांनी बसून होती, आणि त्या कारकुनाची मानगूट धरावी असं तिला वाटत होतं.

वाटणारच हो. नवरा समुद्रात बुडाला तेव्हा ऑकलंडच्या नणंदेनं तिच्या आलिसीला वाढवायला मागून घेतलं. आमच्यात नणंदेला नाही म्हणत नाहीत. पोर गेली तेव्हा दात पडायचे होते तिचे, आता ती वयात आली होती. भेटायला जायचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. आता सोडतीत नाव निघालं तरच जाता येणार, तेही कायमचं. पण पंचेचाळिशी उलटली की सोडतीत नावच घालत नाहीत, आणि कालोलाइनेची ती यंदाच उलटत होती. म्हणजे ही शेवटची वेळ.

"यंदा माझा स्वतःचा पत्ता हवा," ती भावजयीला म्हणाली. "माझं रडणं मला आधी कळू दे, मग गावाला."

भावजय मेलिआमे तशी हुशार. केतकीची पानं सोलता सोलता म्हणाली, "वन्सं, फोन कंपनीचा पत्ता घेऊ नका. उद्या कंपनी बुडाली की पत्ताही बुडाला. फुकटवाला घ्या, जगभर चालतो."

"फुकट देतात ते? का म्हणून?"

"ते मला नका विचारू. नाव काय ठेवायचं ते सांगा."

नुसतं कालोलाइने कुणीतरी आधीच पटकावलं होतं. "कोण ही सटवी?" म्हणून दोघी खूप हसल्या. मग कालोलाइने, त्याला जोडून आलिसी, आणि शेवटी आलिसीचं जन्मसाल असा पत्ता ठरला. एवढं झालं आणि घोडं अडलं ते फोनवर. कालोलाइनेचा फोन बटणांचा, त्यावर टपाल कसलं उघडतंय! तिच्या आणि भावाच्या घरांत मिळून चांगला फोन एकच, भावाचा. पण सितालेकी दिवसभर होडीवर, फोन मेलिआमेच्याच हातात असायचा. तेव्हा पत्ता त्यावरच उघडला. पासवर्ड फोननंच लक्षात ठेवला, यांनी कशाला ठेवावा?

तो पत्ता तिनं सोडतीच्या अर्जात घातला आणि आलिसीलाही कळवला. पोरगी सुटलीच! आत्याच्या घरी कुणाला विचारता येत नाही असलं सगळं ती आईला लिहू लागली. पाळी कधी आली, पोटात दुखतं तेव्हा काय करू. मेलिआमे वाचायची, कालोलाइने सांगायची, मेलिआमे टाइप करायची. इस्पितळातून कालोलाइनेच्या गर्भाशयाचा रिपोर्टही त्याच टपालपेटीत आला. बायकांची पेटी झाली ती.

मग मेलिआमेच्या माहेरून, वावाऊ बेटावरून निरोप आला, तिच्या आईनं अंथरूण धरलंय. ती मिळेल त्या बोटीनं गेली. जाताना नवऱ्याच्या हाती फोन देत एवढंच म्हणाली, "यात वन्संची पेटी आहे. तिला हात लावायचा नाही."

सितालेकीला हे सांगायची गरजही नव्हती. जाणत्या वयापासून तो बहीण असेल त्या छपराखाली झोपला नव्हता. तिच्यासमोर थट्टा नाही, तिच्या वस्तूला हात नाही. आमच्यात भाऊ-बहिणीची ही रीत दोन्हीकडून पाळतात; बहीणही भावाच्या घरात पाऊल टाकत नाही, त्याच्या वस्तूला हात लावत नाही. फोन वाजायचा, वर कालोलाइनेचं नाव चमकायचं आणि हा गडी विंचू दिसल्यासारखा हात मागे घ्यायचा. शेवटी त्यानं त्या पेटीचं वाजणं बंद केलं, फोन पालथा घातला, वर टॉवेल टाकला. बाहेर जाताना तर तो फोन घरीच ठेवायचा, होडीवर इतर पुरुषांच्या नजरेला बहिणीचं काही पडायला नको म्हणून.

इकडे कालोलाइनेचा जीव टांगणीला. मेलिआमेची आई ना बरी होईना, ना सुटेना. शेवटी कालोलाइने मोठ्या गावी, पांगाईला गेली आणि तिथल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसली. पासवर्ड विसरल्याचं सांगितलं तर पेटी म्हणे, तुमच्या फोनवर विचारलंय, तुम्हीच असाल तर हो म्हणा. तो फोन टॉवेलखाली. तिनं परत केलं, परत केलं. मग पेटीनं तिला बाहेरच काढलं. 

बाहेर उन्हात उभं राहून तिनं भावाला फोन लावला. योगायोगानं तो घरीच होता, उचलला.

"सितालेकी?"

"हो, ताई. बोला."

फोनवर एकदा 'हो' दाबायला सांगायचं होतं. पण मग तो बघणार, आणि आत काय काय होतं! कसं सांगू, देवा?

"मासळी मिळाली का?" तिनं विचारलं.

"मिळाली, ताई. पाठवतो."

तिनं फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. निकालाला अजून वेळ असेल, मेलिआमे येईलच, अशी मनाची समजूत घालत ती घरी आली आणि चटई विणायला बसली. वीण चुकत होती, उसवत होती, पुन्हा चुकत होती.

मेलिआमे आली ती आईला माती देऊनच. काळ्या कपड्यांतच तिनं पेटी उघडली, वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"वन्सं, नाव निघालं होतं."

"निघालं होतं म्हणजे?"

"कागद पाठवायची मुदत होती. ती गेली. आता सोडतीतला तो क्रमांक रद्द झालाय."

 कालोलाइनेनं पुढ्यातली चटई दोन्ही हातांनी फाडायला घेतली, आणि विणलेली केतकी काही केल्या फाटेना.

सितालेकी धावत आला, पण दारात थांबला. बाहेर मातीत मांडी घालून, मान खाली घालून बसला. "ताई, मला मारा," म्हणाला. "मी पेटीचं वाजणं बंद केलं. तुमचा मान राखायला केलं हो."

तिला माहीत होतं. त्याचं काय चुकलं होतं? दुसऱ्या कुठल्या भावानं तेच केलं असतं तर तिनंच त्याची तारीफ केली असती. राग काढायला माणूससुद्धा उरलं नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली.

"ताई, मी आत..."

"आत ये म्हणते ना! वहिनी, फोन दे त्याला. सितालेकी, आलिसीचं तू वाच."

"ताई, ते बायकांचं आहे."

"माझ्या लेकीचं आहे. वाच."

तो वाकून आत आला. घाम पुसत, अडखळत, बहिणीसमोर जे कुठल्याही भावानं उच्चारू नये ते एकेक वाचत गेला. मेलिआमेनं काळ्या कपड्याचं टोक तोंडात कोंबलं. शेवटचं पत्र छोटं होतं. "आई, आत्या म्हणते सोडतीचे निकाल लागले. तू काहीच लिहीत नाहीस. तुला यायचंय ना?"

 कालोलाइने त्याच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ.

"लिही," ती म्हणाली. "यायचं होतं."

त्यानं जाड बोटानं एकेक अक्षर दाबलं. "पुढं काय लिहू, ताई?"

"पुढं लिही, माझं नाव निघालं होतं."