आधी अंदाज सांगा

शुभदा मॅडमविषयी मी लिहावे की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी आम्ही बोलतो ती भाषा वेगळी, ही लिहिण्याची मराठी मी शाळेत शिकलो. कुठे शब्द चुकला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. खरे तर ज्यांनी मॅडमबरोबर मोठी कामे केली, त्यांनीच हे लिहायला हवे होते. पण त्यांनी मॅडमना मोखाड्याच्या एसटीत दांडीला धरून उभे राहिलेले पाहिलेले नाही. मी पाहिले आहे, म्हणून धीर करतो.

मॅडमची एक सवय होती. संगणकावर हिशेब सुरू करण्याआधी त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर काय येईल ते बोलायला लावत. "आधी अंदाज सांगा. यंत्र बोललं की मग सगळेच शहाणे होतात." स्वतःचा अंदाजही त्या मोठ्याने सांगत आणि तो चुकला की टाळी वाजवत. "चुकले! आता काहीतरी नवीन कळणार."

संशोधनाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या मुंबईहून जव्हारला आल्या होत्या. आमच्या डोंगरी तालुक्यांत एचआयव्हीचा पुढच्या काही वर्षांत किती परिणाम होईल, किती जणांना लागण होईल, किती जणांना औषध लागेल, किती माणसे वेळेआधी जातील, याचा अंदाज त्यांना काढायचा होता. सगळ्यांची तपासणी करता येत नाही. म्हणून जेवढे माहीत आहे तेवढ्यावरून संगणकात एक गणित उभे करायचे. त्याला त्या मॉडेल म्हणत. पाड्यांवर फिरायला आणि तिथली बोली समजून सांगायला त्यांना विद्यार्थी हवे होते. कॉलेजातल्या सरांनी माझे नाव दिले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "काशिनाथ, आज लाईट कधी जाईल? आधी अंदाज."

मी वहीत बघू लागलो. वर्गात मी सहसा बोलत नसे. माझे उच्चार ऐकून मुले हसत.

"चुकशील म्हणून घाबरतोस? अरे, न चुकणाऱ्या माणसाला संगणक लागतोच कशाला? बरं, हे सांग. लावणीसाठी भाताचं रोप किती टाकायचं, हे तुझे बाबा कसं ठरवतात?"

"अंदाजानेच. शेत बघून. थोडं जास्तच टाकतात."

"जास्त का?"

"थोडं सडतं. थोडं खेकडे खातात."

मॅडम खूश झाल्या. "म्हणजे तुझ्या बाबांचं मॉडेल तयारच आहे की! त्यांनी खेकडेसुद्धा हिशेबात घेतलेत. आमचे मोठमोठे लोक नेमके तेच विसरतात." त्या दिवसापासून कुठलेही गणित पुरे झाले की त्या आमच्याकडे वळून विचारत, "आणि खेकडे?" म्हणजे, काय मोजायचे राहिले?

पहिल्या मॉडेलचा आकडा फार मोठा आला. पडद्यावरची रेघ घाटासारखी चढत गेली. मॅडमनी टाळी वाजवली नाही. "मला हे पटत नाही. चला, बघून येऊ."

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांवर गेलो. बहुतेक घरे बंद होती, कुलपाऐवजी दारात काटेरी फांद्या लावलेल्या होत्या, मागे राहिली होती ती म्हातारी माणसे. एका ओट्यावर मावशी भेटली. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणतो. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिला हा आजार आहे आणि ते पाड्यावर कुणाला माहीत नाही. नवरा गेल्यापासून ती मोखाड्याच्या केंद्रातून दर महिन्याला गोळ्या आणते. हे तिने मॅडमना आपणहून सांगितले. मी बोली समजावायला तिथे होतो, म्हणून मलाही कळले. "पोरा, तोंड बंद ठेव," एवढेच ती मला म्हणाली.

मॅडम बंद दारांकडे बघत होत्या. "पुरुष कामाला गेलेत, हे मला माहीत होतं. पण बायका कुठे आहेत?"

"कुठं म्हंजे? भट्टीवर," मावशी म्हणाली. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मॅडमनाही ती तसेच बोलत होती. "जोडीनंच जातात. वीटभट्टीवाला एकट्याला घेतो काय?"

मॅडम ओट्यावर बसल्याच. "काशिनाथ, मॉडेलमध्ये मी सगळ्या पुरुषांना एकटं पाठवलं होतं. शहरात एकटे राहणारे पुरुष धरूनच लागणीचा सगळा हिशेब केला होता."

"आन् बायको घरी ठेवली?" मावशी हसायला लागली. "मंग तुज्या कॉम्प्युटरात माती कोन कालवील?"

मॅडमनी तिथेच टाळी वाजवली.

मॉडेल सुधारले, तसा आकडा खाली आला. मला वाटले, चांगलेच झाले. पण मॅडमनी तो आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयाला तोंडी कळवताच विचारणा झाली: रुग्ण एवढे थोडे असतील, तर मोखाड्याचे गोळ्यांचे केंद्र हवे कशाला? ते बंद करून रुग्णांना घाटाखालच्या मोठ्या गावात बोलवावे.

केंद्रात हे कानावर पडल्यावर मावशीने मला बाजारात एका कडेला गाठले. "तुज्या म्याडमनं आमाला कमी केलं. आमी कमी हाव, म्हंजे मेलेलं बरं काय?"

मी मॅडमकडे गेलो आणि अडखळत म्हणालो, "लेखी अहवालात पहिलाच आकडा पाठवला तर? कुणाला कळणार आहे?"

त्या रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी मला बसायला सांगितले. "खोट्या आकड्याने केंद्र आज वाचेल. उद्या कुणीतरी नीट मोजेल. मग या तालुक्याचं खरंसुद्धा कुणी ऐकणार नाही. अंदाज चुकला तर त्यात लाज नाही, काशिनाथ. चुकला हे कळूनही तसाच ठेवला, तर आहे." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि खेकडे?"

दुसऱ्या दिवशी त्या मावशीबरोबर घाटाखाली निघाल्या. मीही गेलो. पाड्यापासून रस्त्यापर्यंत पायी, मग मोखाडा, तिथून जव्हार, जव्हारला दुसरी गाडी. गाडीत मॅडमना जागा मिळाली नाही. कुणीतरी मावशीला विचारले, "कुठं चालली गं?" मावशी म्हणाली, "पावन्याकडं." मॅडमनी ते ऐकले. परतताना शेवटची गाडी निघून गेली होती आणि आम्ही जीपची वाट बघत उभे होतो. मॅडमनी विचारले, "दर महिन्याला असं जमेल?"

"दोन-चार बारी जाईन. रोज मोडतो, मजुरी बुडते. आन् दर महिन्याला पावना कुठला दाखवू? मंग देवावर सोडून देईन."

मॉडेलमध्ये हेच राहिले होते. माणूस औषध का सोडतो, याच्यासाठी त्यात जागाच नव्हती. मॅडमनी ती केली. मग त्यांनी दोन चित्रे काढली. एकात केंद्र मोखाड्यातच राहते, दुसऱ्यात ते घाटाखाली जाते. संगणकावर हिशेब सुरू करण्याआधी त्यांनी मला अंदाज विचारला. त्या दिवशी पहिल्यांदा मी न घाबरता बोललो, "मॅडम, रेघा फाकत जातील." आणि तशाच त्या फाकत गेल्या. रुग्ण थोडेच होते, पण केंद्र गेले तर त्यांतले बरेच जण औषधावाचून जाणार होते. मॅडमनी कमी झालेला खरा आकडा आणि या दोन्ही रेघा एकत्रच पाठवल्या. खाली लिहिले, 'रुग्ण कमी आहेत, म्हणूनच त्यांना सांभाळणे शक्य आहे.'

उत्तर आले नाही. काम संपले आणि मॅडम बहिणीकडे साताऱ्याला राहायला गेल्या. जाताना जव्हारच्या स्टँडवर मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "पाया पडू नकोस. वर्गात हात वर करत जा." मी करतो. मुले अजून हसतात. पण आता मी वाक्य पुरे करतो.

पावसाळा गेला, भात कापून झाले. केंद्र जाणार, राहणार, असे रोज वेगळेच कानावर येत होते. एके दुपारी मावशीचा फोन आला. ती केंद्राच्या दारातूनच बोलत होती. तिने जे सांगितले, ते मी तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले आणि लगेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मोखाड्याची बातमी आलीय." मग कुठून धीर आला माहीत नाही, पण म्हणालो, "आधी अंदाज सांगा."

पलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मॅडमनी गॅस बंद केलेला मला ऐकू आला. मग त्यांचा आवाज आला. तो फारच बारीक होता.

"या वेळी अंदाज नको रे, काशिनाथ. सांग."

"केंद्र राहिलं, मॅडम. मावशी गोळ्या घेऊन आत्ताच निघालीय."