आव्यावर पाणी

"दादा, आबा गेले," मामेभाऊ विठ्ठलचा फोन आला तेव्हा मी परभणीत दुकान उघडत होतो. मग म्हणाला, "येताना तिकडून मडकं घिऊन ये... इथं न्हाई." कुंभाराच्या घरात अंत्यविधीला मडकं नव्हतं. पालमच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई मडकं बघून खिडकीकडे सरकली.

आबा म्हणजे माझे लिंबाजीमामा; ते गावच्या तळ्यातली काळी चिकणमाती आणायचे. तिचे रांजण, माठ, संक्रांतीची सुगडं सगळ्या गावाला पुरायची. पुढं तळ्यातला गाळ काढायला यंत्र आलं. गाळ रानात पडला, पिकं तरारली. दोष तरी कुणाला द्यावा? खाली नुसता मुरूम राहिला. लांबून आणलेल्या मातीत चुनखडी निघाली. भाजलेल्या माठांचे चार दिवसांत टवके उडू लागले. गिऱ्हाईक परत आलं की मामा माठ बदलून द्यायचे आणि पुन्हा चाकावर बसायचे.

मडकी भाजायचा आवा घरामागं होता. भोवती घरं वाढत गेली. एका सकाळी, मी तिथंच होतो, शेजारची सून तान्हं लेकरू घेऊन आली. रागावलेली नव्हती, रडकुंडीला आली होती. "मामा, धुरानं लेकराला दम लागायलाय."

मामांनी एकदा लेकराकडं पाहिलं आणि पेटत्या आव्यावर घागरीमागून घागर ओतली. आत माठ फुटत होते, एकेक, तडातड... मामी दारात उभी राहून ऐकत होती. "लेकराचा काय गुन्हा?" एवढंच मामा बोलले.

त्यानंतर माठ बंदच झाले आणि विठ्ठल फरशी बसवायच्या कामाला पुण्याला गेला. मी म्हणायचो, "मामा, पणत्या तरी करा."

"साच्यातल्या रंगीत पणत्या येत्यात की. माझ्या कोण घेतंय?"

मग त्यांनी चाकही विकलं. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांच्याच घरी जारचं पाणी होतं. प्यायचे, पण तहान भागली असं कधी म्हणाले नाहीत.

परवा गेलो तर मामी धुण्याच्या दगडाशी बसली होती. मडकं थोपटून फुगवायची मामांची लाकडी फळी तिच्या हातात होती. मुठीवर त्यांच्या अंगठ्यानं खोलगट जागा पडलेली. "धुणं बडवायला बरी हाय," मामी म्हणाली. तिचा अंगठा त्या जागेत बसत नव्हता. सारखा घसरायचा. ती पुन्हा मूठ आवळायची आणि ओल्या चादरीवर फळी हाणायची.